पडद्यावरून एचआयव्हीची काळजी शिकवताना

मुंबईतील एका रुग्णालयातून ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांसाठी व त्यांना जोडलेल्या छोट्या लिंक एआरटी केंद्रांसाठी दर आठवड्याला तासाभराचे ऑनलाइन सत्र सुरू करण्याची तयारी एका सहकाऱ्यांनी चालवली आहे. दूरस्थ मार्गदर्शनातून एचआयव्हीची काळजी खरोखर शिकवता येते का, की शेवटी ते उपस्थितीपत्रक भरण्यापुरतेच उरते, असे त्यांनी विचारले आहे. आणि शिकवता येत असेल तर सत्र कसे चालवावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याला एक अट आहे. ज्याच्याबाबत याच आठवड्यात काहीतरी ठरवायचे आहे असा समोरच्या केंद्रातला एक रुग्ण सत्राच्या मध्यभागी असला पाहिजे आणि ते ठरवण्याची जबाबदारी अखेरपर्यंत त्या केंद्रातल्या डॉक्टरांकडेच राहिली पाहिजे. ही अट सुटली की सत्राचे व्याख्यान होते, आणि व्याख्यानासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही, ध्वनिचित्रफीत पाठवली तरी पुरते.

असे मार्गदर्शन सतत का लागते, हे प्रशासनाला पटवून देण्याची वेळ आपल्यावर येईलच. भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्यानंतर उपचार कधी सुरू करायचे याचा निकषच अनेकदा बदलला. सीडी४, म्हणजे रक्तातील प्रतिकारपेशींची संख्या, दोनशेच्या खाली गेल्यावर सुरू होणारी औषधे पुढे ३५० आणि मग ५०० च्या खाली सुरू होऊ लागली, आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला सीडी४ न पाहता उपचार देण्याचे धोरण आले. औषधेही बदलली. नेव्हिरापिनचे पुरळ आणि झिडोव्हुडिनमुळे होणारा रक्तक्षय ओळखायला शिकलेल्या पिढीला आधी एफाव्हिरेंझची चक्कर आणि वाईट स्वप्ने समजून घ्यावी लागली, आणि आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोलुटेग्रॅव्हिर या तिहेरी गोळीचे, म्हणजे टीएलडीचे, स्वतःचे बारकावे आत्मसात करावे लागत आहेत. त्यातच केंद्रांमधील बहुतेक पदे कंत्राटी असल्यामुळे प्रशिक्षित माणूस निघून जातो आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुढच्या निवासी प्रशिक्षणाची वाट पाहत बाह्यरुग्ण विभाग चालवावा लागतो. एकदा दिलेले प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी या गतीला पुरे पडत नाही.

या पद्धतीचा पाया म्हणून ज्याचा उल्लेख नेहमी होतो, तो प्रकल्प एचआयव्हीचा नव्हता. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपटायटिस सीच्या रुग्णांसाठी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला, कारण राज्यभर विखुरलेल्या रुग्णांना त्यांच्यापर्यंत पोहोचणे अशक्य होते. दर आठवड्याला लहान गावांतील डॉक्टर आणि तुरुंगांतील वैद्यकीय कर्मचारी दूरदृश्य प्रणालीवरून आपापले रुग्ण मांडत आणि उपचार स्वतः करीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४०७ रुग्ण होते. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर गावांत व तुरुंगांत ५८.२ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा गेल्याचे दिसले. हा आकडा आपल्या प्रस्तावात अवश्य द्यावा, पण त्यावर फार भार टाकू नये. तो अभ्यास यादृच्छिक विभागणीचा नव्हता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेपटायटिस सीचा उपचार काही महिन्यांनी संपतो, एचआयव्हीचा आयुष्यभर चालतो. तिथे अचूक औषधयोजना हीच मोठी लढाई होती. आपल्याकडे औषधयोजना राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत छापलेली आहे. रुग्ण दहाव्या वर्षीही त्या गोळ्या घेतो आहे की नाही, आणि घेत नसेल तर का, हे शोधणे अवघड आहे. म्हणून हा नमुना जशाच्या तसा उचलून चालणार नाही.

आणखी एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये क्लिनिकल मार्गदर्शनाविषयी शिफारशी दिल्या तेव्हा मार्गदर्शन आणि पर्यवेक्षण यांचा परस्परसंबंध मान्य करूनही ती कामे वेगळी ठेवली होती. आपल्याकडे त्यांची सरमिसळ फार सहज होते. जो अधिकारी नोंदवह्या तपासतो, अपुऱ्या अहवालाबद्दल कानउघाडणी करतो आणि ज्याच्या शेऱ्यावर कराराचे नूतनीकरण अवलंबून असू शकते, त्याच्यासमोर 'या रुग्णाचे काय करावे ते मला कळत नाही' असे कोणी म्हणेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सत्रात वरिष्ठ अधिकारी उपस्थित असले की मांडल्या जाणाऱ्या केसेस एकाएकी गुळगुळीत होतात. सगळे रुग्ण नियमित गोळ्या घेणारे आणि सगळे व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी चाचणी) वेळेवर केलेले असतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अधिकाऱ्यांना महिन्याचा गोषवारा जरूर द्यावा, पण साप्ताहिक सत्रात त्यांची खुर्ची नसावी.

आता केस कशी चालवावी, याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण सारे शिक्षण तिथेच घडते. समजा, एका एआरटी केंद्रातून अशी केस आली: पुरुष, वय ३४, टीएलडी सुरू होऊन चौदा महिने, ताजा व्हायरल लोड १८,०००. वैद्यकीय अधिकारी विचारतात की, दुसऱ्या फळीची, म्हणजे पहिली निष्प्रभ ठरल्यावर द्यायची, औषधे सुरू करायची का. नवख्या मार्गदर्शकाचा मोह असा की 'नाही, आधी नियमितता पाहा' असे एका वाक्यात सांगून पुढची केस घ्यावी. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून कोणी काही शिकले नाही. त्याऐवजी मार्गदर्शकाने गप्प राहून दुसऱ्या केंद्राला विचारावे की, ही केस तुमच्याकडे असती तर तुम्ही आणखी काय विचारले असते. हळूहळू प्रश्न येऊ लागतात. गोळी कोणत्या वेळी घेतो? पाळी रात्रीची आहे का? मागील भेटीत बाटलीत किती गोळ्या उरल्या होत्या, आणि त्या मोजल्या होत्या की तोंडी विचारल्या होत्या? आम्लपित्तासाठी काही घेतो का? ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटॅसिड, लोह आणि कॅल्शियम यांमुळे डोलुटेग्रॅव्हिरचे शोषण कमी होते, त्यामुळे ती औषधे घेण्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर टीएलडी घ्यावी, हे इथे सांगितले की लक्षात राहते. स्लाइडवर वाचलेले राहत नाही. मग कोणीतरी विचारते की क्षयरोगाची औषधे चालू आहेत का, आणि केस मांडणाऱ्यांना आठवते की रुग्णाने मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांकडून काही गोळ्या सुरू केल्याचे म्हटले होते. त्यांत रिफाम्पिसिन असेल, तर डोलुटेग्रॅव्हिरची रक्तातील पातळी खाली जाते. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि ती रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावी लागते.

एवढी चर्चा झाल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर केस मांडणारे डॉक्टर स्वतःच देतात. डोलुटेग्रॅव्हिरला प्रतिरोध सहजासहजी निर्माण होत नाही, त्यामुळे पहिल्याच औषधयोजनेत टीएलडी असलेल्या रुग्णाचा व्हायरल लोड वाढला तर गोळी पोटात जात नाही किंवा गेलेली रक्तात पोहोचत नाही, ही शक्यता आधी तपासायची असते. अडथळा सापडला की तो दूर करून वाढीव समुपदेशन करायचे, नियमितता सुधारल्यावर सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची, आणि तेव्हाही आकडा १००० किंवा त्याहून अधिक असेल तर प्रकरण राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीकडे, म्हणजे सॅसेपकडे, पाठवायचे. इथे आपल्या सत्राची मर्यादाही सांगून ठेवावी: औषधांची फळी बदलण्याचा निर्णय सॅसेपचा असतो, आणि 'ऑनलाइन सत्रात मॅडम हो म्हणाल्या' हे त्याला पर्याय ठरू शकत नाही. सत्राचा उपयोग असा की सॅसेपकडे जाणारे प्रकरण पूर्ण माहितीसह जाते आणि अपुऱ्या कागदांपायी परत येत नाही.

काही केसेसमध्ये नियम माहीत असणेच घातक ठरते. क्षयरोग आणि एचआयव्ही एकत्र असताना क्षयरोगाचा उपचार सुरू केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करावी, हे आता बहुतेक सर्वांना पाठ आहे. पण क्षयरोग मेंदूच्या आवरणाचा असेल तर चार ते आठ आठवडे थांबावे लागते, कारण प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह कवटीच्या आत जिवावर बेतू शकतो. क्रिप्टोकोकल मेनिंजायटिसमध्येही, म्हणजे बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला दाह होतो तेव्हाही, असेच चार ते सहा आठवडे थांबतात. तळमळीने काम करणारा तरुण डॉक्टर अशा वेळी घाई करतो, आणि ही घाई त्याच्या अज्ञानातून आलेली नसते, तर सर्वसाधारण नियमावरच्या निष्ठेतून आलेली असते. अशी केस सत्रात आली की तिला पूर्ण तास द्यावा. त्या दिवशीचे नियोजित व्याख्यान रद्द झाले तरी हरकत नाही.

मुंबईतून चालणाऱ्या सत्राला एक खास लाभ आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा येथील केंद्रांचे पुष्कळ रुग्ण मुंबईत नोकरी करतात, आणि मुंबईतल्या केंद्रांचे पुष्कळ रुग्ण गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी असतात. माणूस एकच, पण त्याची हिरवी पुस्तिका, म्हणजे उपचाराच्या नोंदींची वही, एका केंद्राची आणि राहणे दुसरीकडे. भाड्याच्या खोलीत चार-पाच जणांसोबत राहणाऱ्याला गोळ्यांची बाटली ठेवायला जागा नसते, आणि गावी सणाच्या गर्दीत ती कोणाच्या दृष्टीस पडेल ही धास्ती असते. केंद्राच्या नोंदीत असा रुग्ण 'आला नाही' एवढाच दिसतो. सत्रात दोन्ही बाजूंची केंद्रे एकत्र बसली की गणपतीच्या आधी दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देणे, तात्पुरता पुरवठा जवळच्या केंद्रातून घेणे किंवा नोंदणीच रीतसर हलवणे, असे मार्ग त्या माणसापुरते ठरवता येतात. ऑगस्टच्या सुरुवातीचे एक सत्र मी याच विषयासाठी राखून ठेवते.

सत्र फक्त डॉक्टरांचे नसावे, हे बहुतेक जण मान्य करतात आणि प्रत्यक्षात तासभर डॉक्टरच बोलतात. रुग्ण गोळ्या का चुकवतो हे समुपदेशकाला ठाऊक असते, कोणत्या महिन्यात साठा कमी पडला होता हे औषधनिर्मात्याला, आणि प्रसूतीनंतर बाळाला सहाव्या आठवड्यात एचआयव्हीच्या निदानासाठी रक्तबिंदूंच्या तपासणीला आणले की नाही हे सिस्टरना. पण 'सर बोलत असताना मध्ये कसे बोलायचे' हा संकोच आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, आणि 'कोणाला काही विचारायचे आहे का' असे म्हटल्याने तो जात नाही. माझ्या अनुभवात दोन गोष्टींचा उपयोग होतो. केस मांडताना वैद्यकीय भाग डॉक्टरांनी आणि घरचा, कामाचा व औषध घेण्याचा भाग समुपदेशकाने मांडायचा, अशी विभागणी पत्रकातच छापून टाकावी. आणि महिन्यातून एका सत्रात केस परिचारिकेने किंवा समुपदेशकाने मांडायची व डॉक्टरांनी शेवटी बोलायचे. मार्गदर्शकांमध्येही एखादी अनुभवी परिचारिका आणि एखादा समुपदेशक असणे आवश्यक आहे. जोडीदाराला निदान कसे सांगावे, हे मी शिकवण्यापेक्षा वर्षानुवर्षे तेच काम केलेल्या समुपदेशकाने शिकवलेले अधिक बरे. भाषा मराठीच असू द्यावी. औषधांची आणि चाचण्यांची नावे इंग्रजीच राहतील, त्यात काही बिघडत नाही. पण संपूर्ण चर्चा इंग्रजीत गेली की निम्मी माणसे श्रोते होतात.

साप्ताहिक सत्र तातडीच्या कामासाठी नसते, हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि तातडीसाठी वेगळा दूरध्वनी क्रमांक द्यावा. रात्रपाळीत सिस्टरना सुई टोचली तर प्रतिबंधक औषधे शक्य तो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत व २८ दिवस चालायला हवीत. त्यासाठी पुढच्या सत्राची वाट पाहता येत नाही. असा फोन घेण्याची पाळी मार्गदर्शकांत वाटून घ्यावी आणि प्रत्येक फोनची दोन ओळींची नोंद ठेवावी. तेच प्रश्न वारंवार येत असतील तर पुढच्या सत्राचा विषय आपोआप ठरतो.

गोपनीयतेबाबत मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास त्यात मनाई आहे. व्यवहारात धोका सत्रात कमी आणि त्याच्या आजूबाजूला अधिक असतो. सत्रासाठी तयार केलेल्या व्हॉट्सॲप गटावर घाईघाईत हिरव्या पुस्तिकेचे छायाचित्र टाकले जाते, छातीच्या क्ष-किरण चित्राच्या कोपऱ्यात नाव राहून जाते, किंवा केस मांडताना 'आपल्या अमुक गावच्या शाळेतले शिक्षक' असे सहज तोंडून निघते, आणि लहान तालुक्यात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. केसपत्रकात नाव, गाव, नेमका व्यवसाय आणि नोंदणी क्रमांक यांसाठी रकानाच ठेवू नये. वय, लिंग आणि केंद्राने स्वतःपुरता दिलेला केस क्रमांक पुरतो. सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आग्रह प्रशासनाकडून होईल. त्यातला व्याख्यानाचा भाग मुद्रित करावा, केसचा भाग करू नये. दुसऱ्या टोकाला कोणत्या खोलीत कोण बसले आहे, दार बंद आहे का, हे दर वेळी विचारण्यात संकोच बाळगू नये.

पडद्यावरून काय शिकवता येत नाही, हेही मान्य करायला हवे. मानेचा ताठरपणा, काखेतील गाठीचा स्पर्श, पाठीच्या कण्यातून पाणी काढताना सुईचा कोन, तोंडातील पांढरा थर बुरशीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे हाताशी धरूनच शिकवावे लागते. आणखी एक गोष्ट पडद्यावर कधीच दिसत नाही: समुपदेशकाची खोली. प्रत्यक्ष गेल्यावर कळते की तिला दार नाही, किंवा तिच्यातूनच भांडारात जायची वाट आहे, आणि मग त्या केंद्रातील रुग्ण काहीच मोकळेपणाने का सांगत नाहीत हे उमगते. म्हणून सत्रे सुरू करण्यापूर्वी प्रत्येक केंद्राला एक भेट आणि त्यानंतर वर्षातून किमान एक भेट, याचा खर्च प्रस्तावात धरावा. ज्या केंद्राला आपण भेट दिली आहे, तेथील माणसे सत्रात अधिक बोलतात, हा माझा निरपवाद अनुभव आहे.

वेळ, यंत्रणा वगैरे बाबी थोडक्यात सांगते. सकाळचा बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यानंतरची, दुपारी तीनच्या सुमाराची वेळ बरी पडते, आणि मासिक अहवालाचे दिवस टाळावेत. केसपत्रक आदल्या दिवशी मिळायला हवे, म्हणजे संपर्क तुटला तरी केवळ आवाजावर चर्चा पुरी करता येते. पावसाळ्यात ही वेळ येतेच. एका केंद्रातील सर्वांनी एकाच पडद्यासमोर बसावे. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून जोडून घेतले की उपस्थिती वाढते आणि चर्चा संपते. तासाभरात दोन केसेस आणि पंधरा मिनिटांचा एक विषय, याहून अधिक कोंबू नये.

राहिला प्रश्न यश मोजण्याचा. सत्राआधी व सत्रानंतर घेतलेल्या प्रश्नपत्रिकेत गुण वाढतातच, त्यावर कोणी फसू नये. ज्या केंद्रांनी केसेस मांडल्या, त्यांच्या रुग्णांत सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी करायचा व्हायरल लोड किती जणांचा वेळेवर झाला, वाढलेल्या आकड्यानंतर समुपदेशन होऊन चाचणी पुन्हा झाली का, प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्रीचा घाम यांची विचारणा नोंदलेली आहे का, रिफाम्पिसिन घेणाऱ्या प्रत्येकाला डोलुटेग्रॅव्हिरची जादा गोळी मिळते का, हे पाहावे. यातील बहुतेक माहिती केंद्राच्या नोंदींत आधीच असते, त्यासाठी नवी प्रपत्रे काढू नयेत. आणि याहून उपयोगी अशी एक सवय लावावी: प्रत्येक सत्राची पहिली दहा मिनिटे मागे चर्चिलेल्या केसेसचे पुढे काय झाले, यासाठी राखावीत. सल्ला पाळला गेला नसेल तर तो का पाळता आला नाही, हे ऐकून घ्यावे. पुष्कळदा कारण असे निघते की आपण सुचवलेली तपासणी त्या तालुक्यात होतच नाही, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याने रुग्णाची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि मग मुंबईत बसलेल्या मार्गदर्शकांना आपला सल्ला बदलावा लागतो.

सुरुवात सर्व केंद्रांपासून करू नका. पहिले तीन महिने पाच-सहा केंद्रे घ्या, त्यांत एक तरी असे असू द्या जिथले वैद्यकीय अधिकारी नुकतेच रुजू झाले आहेत, आणि पहिली केस मुंबईच्या आपल्याच केंद्रातली, अजून न सुटलेली अशी मांडा. तिच्यावर पालघरच्या सिस्टरनी प्रश्न विचारला आणि आपल्याला तो आधी सुचला नव्हता, असे पहिल्या महिन्यात एकदा जरी घडले, तरी पुढच्या केसेस मागाव्या लागणार नाहीत.